लेकीचा चष्मा लग्नाआधी घालवावा का?

तासगाव तालुक्यातून एका आईनं लिहिलं आहे:

"मॅडम, नमस्कार. आमची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. मुलगी २३ वर्षांची, सांगलीत एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिचं लग्न ठरलंय, मे महिन्यात आहे. सातवीपासून चष्मा आहे. उजव्याचा नंबर उणे ५.५, डाव्याचा उणे ६.२५ आणि डाव्याला सिलिंडर १.७५. मागच्या वर्षी डावा उणे ५.५ होता, सिलिंडर १ होता. तिची आत्या म्हणते, लग्नाआधी लेझर करून चष्मा घालवून टाका, फोटो बरे येतील, पुढे बाळंतपणं सुरू झाली की राहूनच जातं. मुलाकडच्यांनी चष्म्याचं काही काढलेलं नाही. मला भीती वाटते. डोळा बाहेर काढतात का? दुखतं का? नंबर परत येतो का? बाळंतपणात काही त्रास होतो का? खर्च किती, विम्यात बसतं का? लहानपणापासून उन्हाळ्यात तिचे डोळे फार खाजतात, चोळून चोळून लाल करते, मेडिकलमधून थेंब आणून घातले की बरं वाटतं. आणखी एक. तिच्या हनुवटीवर केस आहेत, माझ्या गालांवर वांग आहे. पार्लरवाली म्हणते, दोघींना लेझरचं पॅकेज देते आणि मुलीच्या डोळ्यांखालचे खड्डे इंजेक्शननं भरून देते. मी ५०० रुपये आगाऊ दिलेत. मी एक क्रीम लावते, त्यानं उजळतं, पण बंद केलं की आग होते. काय करू?"

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. मेमधल्या लग्नाआधी लेकीच्या डोळ्यांवर लेझर करू नका. पुढे कधी करायचं की नाही ते तपासणीनंतर ठरेल. ती तपासणी मात्र याच महिन्यात करून घ्या. लग्नाची गडबड आहे म्हणून पुढे ढकलू नका.

तुम्ही इतके प्रश्न विचारलेत, पण माझं लक्ष अडकलं ते तुम्ही सहज लिहून गेलेल्या दोन गोष्टींवर. एक, वर्षभरात डाव्या डोळ्याचा नंबर पाऊण आणि सिलिंडरही, म्हणजे डोळ्याचा पुढचा भाग सगळीकडे सारखा गोल नसल्यामुळे लागणारा नंबरही, पाऊण वाढला. दुसरी, ती लहानपणापासून डोळे चोळते. या दोन्ही एकाच डोळ्याच्या डॉक्टरसमोर एकत्र आल्या, तर तो लेझरचं नाव काढण्याआधी थांबेलच.

नंबरचं पाहू. लेझरसाठी वय किमान १८ लागतं आणि निदान वर्षभर नंबर जागच्या जागी असावा लागतो. अर्ध्यापर्यंतचा फरक चालवून घेतात. लेझर त्या दिवशी डोळ्यात जेवढा नंबर असेल तेवढाच काढतं. वाढत असलेला नंबर ते थांबवू शकत नाही. म्हणजे तिचा नंबर अजून वाढत असेल, तर एवढा खर्च करून, एवढी जोखीम घेऊन, दोन वर्षांत पुन्हा चष्मा लागेल. आणि २३ व्या वर्षी एकाच डोळ्यात नंबर आणि सिलिंडर दोन्ही वाढत असतील, तर ते का वाढतंय हा प्रश्न चष्म्यापेक्षा मोठा आहे.

आता चोळण्याचं. डोळ्याच्या अगदी पुढे, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक गोलसर पारदर्शक भाग असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. काही जणांचा कॉर्निया मुळातच कमकुवत असतो. तो हळूहळू पातळ होतो, खालच्या बाजूनं पुढे येतो आणि शंकूसारखा टोकदार होत जातो. याला केराटोकोनस म्हणतात. हा आजार बहुतेक वेळा तरुण वयात सुरू होतो. ॲलर्जीनं डोळे खाजणारी, चोळणारी मुलं त्यात बरीच असतात. काहींच्या घरात आधी कुणाला तरी झालेला असतो. दोन्ही डोळ्यांत सारखा नसतो, एक डोळा पुढे असतो. सिलिंडर वाढत जातो. नवा चष्मा करूनही अक्षरांना सावली दिसते, नीट स्वच्छ दिसतच नाही.

नुसत्या पत्रावरून तुमच्या लेकीला हा आजार आहे असं मी म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. पण शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. आणि शंका असताना लेझर करायचं नाही, याला कारण आहे. चष्म्याचं लेझर कॉर्नियाचाच थोडा भाग काढून त्याचा आकार बदलतं. आधीच कमकुवत असलेला कॉर्निया आणखी पातळ केला, तर तो पुढे फुगत जातो. नजर बिघडते, ती साध्या चष्म्यानं सुधारत नाही. कडक प्रकारच्या खास कॉन्टॅक्ट लेन्स वापराव्या लागतात. फारच वाढलं तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवायची वेळ येते. चष्मा लावून नीट दिसणाऱ्या मुलीला आपण होऊन त्या वाटेवर कशाला न्यायचं?

हे ओळखायची तपासणी सोपी आहे. तिला कॉर्नियाची टोपोग्राफी म्हणतात. यंत्रावर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोरच्या उजेडाकडे पाहायचं आणि काही सेकंद पापणी मिटायची नाही. ना सुई, ना दुखणं. संगणकावर डोळ्याचा रंगीत नकाशा उमटतो. सपाट भाग निळा-हिरवा, जास्त उंच-वाकडा भाग लाल-केशरी. निरोगी डोळ्याचा नकाशा वर-खाली बऱ्यापैकी सारखा असतो. केराटोकोनसमध्ये बहुधा खालच्या अर्ध्यात लाल डाग एकवटलेला दिसतो आणि साधारण तिथेच जाडी सगळ्यात कमी भरते. हा नकाशा डॉक्टरांना तुमच्यासमोर समजावून सांगायला लावा, त्याची छापील प्रत मागून घ्या. लेक कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर तपासणीआधी बंद ठेवायला हव्यात, मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर तीन आठवडे किंवा जास्त. लेन्स कॉर्नियाला दाबून ठेवते, त्यामुळे नकाशा चुकीचा येतो.

त्याच दिवशी थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदाही तपासायला सांगा. सहा नंबरचा डोळा जरा लांबट असतो, त्याचा पडदा ताणलेला असतो, कडेला विरळ जागा किंवा बारीक छिद्रं असू शकतात. लेझरनं चष्मा गेला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते, पडद्याचा धोकाही तेवढाच. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं, एका बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चष्मा असो वा नसो. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी जा. तिला गाडी चालवत परत येऊ देऊ नका. मिरजेत वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून आपल्या भागातली माणसं उपचाराला तिकडे जातात. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात या तपासण्या होतात, त्यासाठी पुण्या-मुंबईला पळायला नको.

समजा केराटोकोनस निघालाच, तरी हातपाय गाळू नका. लवकर सापडला तर तो थांबवता येतो. बी-टू जीवनसत्त्वाचे, म्हणजे रिबोफ्लेविनचे, थेंब घालून कॉर्नियावर अतिनील किरण सोडतात. त्यानं कॉर्नियाचे धागे एकमेकांत घट्ट होतात. आपल्याकडे याला सी-थ्री-आर म्हणतात. चष्मा त्यानं जात नाही, आजार पुढे सरकायचा थांबतो. तेव्हा तपासणी लवकर करा असं मी म्हणते ते यासाठीच.

आता त्या मेडिकलमधल्या थेंबांकडे येते. ताई, यात मला लेझरपेक्षा जास्त काळजी वाटते. ती बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांतलं कुठलंही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. खाज त्यानं झटकन थांबते, म्हणून लोक पुन्हा पुन्हा तेच आणतात. पण महिनोन्महिने घातलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि दुखल्याखुपल्याशिवाय काचबिंदू होतो. कडेची नजर जाते आणि पेशंटला पत्ता लागत नाही, कारण समोरचं स्वच्छ दिसत असतं. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. तरुण वयात मोतीबिंदूही होतो. शस्त्रक्रियेनंतर आम्हीही स्टिरॉइडचे थेंब देतो, पण किती दिवस ते ठरवून आणि दाब मोजत. तपासणीला जाताना ही बाटली बरोबर न्या, डोळ्याचा दाब मोजून घ्या. ॲलर्जीसाठी स्टिरॉइड नसलेले, रोज घालता येतील असे थेंब आहेत. ते डॉक्टर लिहून देतील. खाज सुटली की थंड पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवायची, चोळायचं नाही. शेडमध्ये गंधकाची धुरी देता त्या वेळी तिला जवळ फिरकू देऊ नका, आणि बेदाणा निवडताना धूळ उडते तेव्हा बाजूनं झाकलेला गॉगल घालू दे.

आता तुमचे बाकीचे प्रश्न.

डोळा बाहेर काढत नाहीत. हा प्रश्न मोतीबिंदूच्या पेशंटकडूनही रोज येतो, आणि विचारायला लाजायचं काही कारण नाही. डोळा जागच्या जागी असतो, इंजेक्शनही देत नाहीत. बधिर करायचे थेंब घालतात, पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा बारीक चिमटा लावतात. लॅसिक हा चष्म्याच्या लेझरचा एक प्रकार, त्यात डोळ्यावर एक कडी बसवून दाब देतात, त्या काही सेकंदांत समोरचं अंधूक होतं किंवा दिसेनासं होतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. मग कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा एका बाजूनं जोडलेला ठेवून उघडतात. समोर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचं. यंत्राचा टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. ते जळणं नसतं, किरणांनी कॉर्नियाचा अगदी बारीक थर उडून जात असतो. यंत्र डोळ्याच्या हालचालीवर नजर ठेवून असतं, डोळा फार हलला तर थांबतं. मग पापुद्रा परत बसवून ब्रशनं सारखा करतात. टाका नसतो. दोन्ही डोळे मिळून बरेचदा अर्ध्या तासाच्या आत होतात, प्रत्यक्ष लेझर काही सेकंदांचं.

दुखणं प्रकारावर आहे. लॅसिकमध्ये चार-सहा तास चुरचुर, पाणी येतं, दुसऱ्या दिवशी बहुतेकांना बरंच स्वच्छ दिसतं. पीआरके या जुन्या प्रकारात पापुद्रा उघडत नाहीत, वरचं नाजूक आवरण काढून लेझर करतात आणि पट्टीसारखी एक लेन्स ठेवतात. त्यात तीन ते पाच दिवस चांगलंच दुखतं, आणि नजर बसायला काही आठवडे जातात. स्माईल या तिसऱ्या प्रकारात कॉर्नियाच्या आतच लेझरनं एक पातळ चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर ओढतात. तीन्ही प्रकार चांगल्या डोळ्यात चांगले आहेत. जाहिरातीत सगळ्यात महाग असेल तोच आपल्या डोळ्याला सगळ्यात चांगला, असं काही नाही.

डॉक्टर हिशेब कसा करतात ते सांगते, म्हणजे "बसत नाही" म्हटलं तर का, ते तुम्हाला कळेल. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा कॉर्निया ५२० मायक्रॉन आहे. लॅसिकचा पापुद्रा ११० गेला. एक नंबर काढायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात, म्हणजे सहा नंबरला ७२ ते ९०. खाली उरले ३२० ते ३३८. खाली किमान २५० तरी उरायलाच हवेत, बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. तेच ४८० चा कॉर्निया आणि नऊ नंबर असेल तर हिशेब बसत नाही. अशा डोळ्यात कॉर्नियाला हात न लावता आत लेन्स बसवायचा पर्याय असतो. पण नकाशा वेडावाकडा असेल तर जाडी भरपूर असूनही लेझर नको. हा आकड्यांचा कागद जो डॉक्टर समोर ठेवतो आणि गरज पडली तर "नाही" म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. "ऑफर रविवारपर्यंतच" म्हणणाऱ्या फोनवर ठेवू नका.

आता आत्याबाईंच्या मे महिन्याचं. डोळे अगदी निर्दोष असते तरी लग्नाच्या तोंडावर लॅसिक करायला मी नको म्हटलं असतं. पहिले काही आठवडे डोळ्याला धक्का लागू द्यायचा नसतो. तुम्हीच मांडव डोळ्यांपुढे आणा. हळद लावताना दहा हात चेहऱ्यावर, डोळ्यांत काजळ, होमाचा धूर, मंगलाष्टकांनंतर जवळून भिरकावलेल्या अक्षता. उघडलेला पापुद्रा जोरात काही लागलं तर सरकू शकतो, पुढे बऱ्याच काळानंतरही. म्हणूनच आपल्याकडच्या तालमीतल्या पैलवानांना किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलींना लॅसिकऐवजी पापुद्रा नसलेला प्रकार सुचवतात. शिवाय लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या संवेदना नेणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडतात, टोचतात. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला हे जास्त जाणवतं. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांचं हे सहा महिने-वर्षात कमी होतं, थोड्यांचं राहतं. लग्नानंतरच्या नव्या घरातले पहिले महिने दर तासाला डोळ्यात थेंब घालत काढायची हौस कुणाला आहे?

नंबर परत येतो का? नंबर स्थिर झाल्यावर केलं असेल तर बहुतेकांचा फारसा येत नाही. मोठा नंबर असलेल्यांचा थोडाफार येऊ शकतो. पण चाळिशी मात्र लागतेच. ती आतल्या भिंगाची गोष्ट आहे, कॉर्नियाचं लेझर तिला अडवत नाही. उलट उणे नंबरवाले चाळिशीनंतर चष्मा काढून जवळचं वाचू शकतात, लेझर झालेल्यांना वाचायला चष्मा लागतो. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती आताच सांगून ठेवते. पुढे कधी लेझर केलंच, तर आधीचे सगळे आकडे, नकाशे, नंबर यांची फाईल आयुष्यभर जपायची. साठीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करताना भिंगाचा नंबर काढायला ते लागतात, कारण लेझर झालेल्या डोळ्यावर नेहमीचा हिशेब चुकतो. डोळ्याचा दाबही यंत्रावर खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून पुढच्या प्रत्येक डॉक्टरला लेझर झाल्याचं सांगायला हवं.

बाळंतपणाचं आत्याबाईंनी अर्धं बरोबर सांगितलं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हार्मोन्समुळे नंबर थोडा हलतो, डोळे कोरडे होतात, म्हणून त्या काळात लेझर करत नाहीत. पाजणं थांबून काही महिने गेले, नंबर पुन्हा स्थिर झाला, की करता येतं. म्हणजे राहून वगैरे काही जात नाही, तिशीतही होतं. नंबर जास्त आहे म्हणून नॉर्मल बाळंतपण नको, हेही कुणी सांगितलं तर ऐकू नका. पडदा तपासून घेतला की पुरे, नुसत्या नंबरसाठी सिझर करत नाहीत.

खर्च प्रकाराप्रमाणे, यंत्राप्रमाणे, गावाप्रमाणे बदलतो. दोन्ही डोळ्यांचे मिळून पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. आकडा विचारताना तपासण्या, नंतरचे थेंब, फेरतपासण्या आणि लागलंच तर दुसऱ्यांदा लेझर, हे त्यात धरलंय का ते लिहून घ्या. आरोग्य विम्यात साडेसात नंबरच्या आतला चष्मा घालवायचा खर्च मिळत नाही, तशी अटच असते. तुमच्या लेकीचा नंबर त्याच्या आत आहे. सौंदर्यासाठीचे उपचारही विम्यात बसत नाहीत.

याच निमित्तानं भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही सांगते. मिरज जंक्शनच्या परिसरात रेल्वेची परीक्षा देणारी पोरं पुष्कळ. गाडी चालवण्यासारख्या पदांना रेल्वे लॅसिक झालेला उमेदवार घेत नाही. चष्मा आड येतोय म्हणून घाईनं लेझर करायचं आणि वैद्यकीय तपासणीत त्याच लेझरमुळे बाद व्हायचं, असं होऊ देऊ नका. सैन्यात, पोलिसांत, रेल्वेत प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. जाहिरातीतलं वैद्यकीय पान आधी वाचा.

ताई, तुमच्या पत्रात आत्या आहे, मुलाकडचे आहेत, पार्लरवाली आहे, तुम्ही आहात. लेकीला काय हवंय ते कुठेच नाही. तिला विचारलंत का? चष्मा तिला खुपत असेल, तर ते महत्त्वाचं कारण आहे, आणि ते पुढच्या वर्षीही तेवढंच महत्त्वाचं राहील. तिला खुपत नसेल, तर मुलाकडच्यांनीही ज्याचं नाव काढलं नाही ते आपण का उकरून काढायचं? तपासणीत डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या, संमतीपत्रावर सही तिची असणार आहे.

फोटोंसाठी सोपा उपाय आहे. काचा पातळ प्रकारच्या आणि चकाकी न येणाऱ्या करून घ्या, मग फोटोत डोळे दिसतात. लग्नात चष्मा नकोच असेल तर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, पण ॲलर्जी शांत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालायची नाही, आधी महिनाभर सवय करायची. लेन्स आधी, मेकअप नंतर. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, आणि कितीही दमली तरी ती घालून झोपायचं नाही.

आता पार्लर. इंजेक्शनची गोष्ट सगळ्यात आधी. डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूनं, भुवयांच्या मधे भरतात त्याला फिलर म्हणतात. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली आणि तो पदार्थ मागच्या पडद्याकडे जाऊन अडकला, तर डोळा तिथल्या तिथे कायमचा जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण जगभर झालेलं आहे, आणि झाल्यावर हातात मिनिटंच असतात. पार्लरमध्ये ही सुई अजिबात नको. एकदाही नको, फुकट असली तरी नको.

हनुवटीच्या केसांचं लेझर वाईट नाही, पण आधी केस का आले ते बघा. पाळी वेळेवर येते का, वजन वाढलंय का, मुरमं आहेत का? पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड, असेल तर आतून उपचार लागतो, नाहीतर लेझरनंतर केस येतच राहतात. लेझर फक्त वाढीच्या टप्प्यातले केस पकडतं, म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतरानं सहा-आठ वेळा करावं लागतं. मेच्या लग्नाला पूर्ण होणार नाही. आपल्या सावळ्या कातडीवर चुकीचं यंत्र किंवा जास्त जोर वापरला तर चट्टे पडतात, काही वेळा चेहऱ्यावर केस उलट वाढतात. चेहऱ्यावर लेझर करताना डोळ्यांना संरक्षक झाकण हवंच, आणि भुवईच्या खालचे केस लेझरनं कुणालाही काढू देऊ नका. बुबुळाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. लग्नापुरतं थ्रेडिंग पुरेल, पण लेझर सुरू करायचं असेल तर त्याआधी काही आठवडे मुळासकट केस काढायचे नाहीत.

तुमचं वांग. ताई, लावलं की उजळतं आणि बंद केलं की आग होते, हे ऐकून त्या क्रीममध्ये स्टिरॉइड असल्याची दाट शंका येते. लेकीचे थेंब आणि तुमचं क्रीम, दोन्ही एकाच तऱ्हेनं घरात आलंय. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर शोधा. असं मलम महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं येतात, उन्हात चेहरा पेटतो. पापणीजवळ लागत राहिलं तर डोळ्याचा दाब इथेही वाढू शकतो. अशा कित्येक मलमांना २०१८ साली सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. एकदम बंद करू नका, आग फार होईल. त्वचारोगतज्ज्ञ ते हळूहळू सोडवतील. आणि अशा चेहऱ्यावर लेझर केलं तर वांग आधीपेक्षा काळं होऊन परत येऊ शकतं. वांगाचा पाया म्हणजे ऊन टाळणं. बागेत जाताना पदर आणि मोठी टोपी, रोज सनस्क्रीन, ढगाळ दिवशीही. पुढची औषधं डॉक्टर देतील, आणि महिन्यांनी मोजावा असा धीर लागेल.

पार्लरला दिलेले ५०० रुपये मागून पाहा, नाही मिळाले तर सोडून द्या. त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना आधी त्यांची पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाटीवर आहे का ते बघा, आणि क्रीमची ट्यूब, संपलेली असली तरी, पिशवीत टाकून न्या.